शिंगासारखे झाड

मित्रांनो, मी हॉर्नबीम जातीचा एक जुना वृक्ष आहे. इंग्लंडात, एसेक्सच्या रानात उभा. दर बारा-पंधरा वर्षांनी लाकूडतोड्या जेबेझ पर्किस माझ्या फांद्या छाटी. गावाला सरपण मिळे आणि मी पुन्हा फुटे. माझ्या लाकडाने कुऱ्हाडीची धार जाई. मग तो मला शिव्या घाली, अन् जाताना थोपटीही.

एका सुगीत रानाच्या मालकाच्या इस्टेटीवर थ्रेल नावाचा नवा कारभारी आला. माझे पिळदार खोड पाहून तो हसला.

"नाव मोठं, लक्षण खोटं! म्हणे हॉर्नबीम! बीम म्हणजे तुळई. ह्यातून हातभर तरी सरळ तुळई निघेल का? सोमवारी पाडा."

त्याने माझ्यावर चुन्याची फुली मारली. जेबेझ मान खाली घालून उभा राहिला. त्याचे पोट थ्रेलच्याच हाती होते. मला फार वाईट वाटले.

पण शनिवारीच गावच्या पीठ दळणाऱ्या पवनचक्कीच्या चाकाचे लाकडी दाते तुटले. सगळ्या गावाचे धान्य अडले, थ्रेलचेसुद्धा. चक्कीवाल्याची बहीण मिस लव्हडे, गावची शिक्षिका, जेबेझकडे धावत आली. जेबेझने मागच्या छाटणीतला माझा वाळलेला ओंडका काढला आणि दोन दिवस खपून नवे दाते कोरले. सोमवारी चक्की फिरू लागली.

थ्रेल पीठ चिमटीत घेऊन म्हणाला, "लाकूड कुठलं?"

"तुम्ही पाडायला निघालात, त्याचंच!" मिस लव्हडे म्हणाली. "जुन्या इंग्रजीत बीम म्हणजे झाड, साहेब. जर्मन लोक अजून झाडाला बाउम म्हणतात, त्याच गोतातला शब्द. अन् हॉर्न म्हणजे शिंग. शिंगासारखं टणक झाड! छप्पर पेलीन असं ते कधी म्हणालंच नव्हतं."

"मग तुळईला बीम का म्हणतात?"

जेबेझ हळूच बोलला, "झाड पाडून आडवं केलं की तुळई होते, साहेब. नाव तेवढं उभ्याचंच राहिलं."

 संध्याकाळी थ्रेल माझ्याजवळ एकटाच आला आणि ओल्या फडक्याने फुली पुसून गेला.

पुढे जेबेझ वारला. आता मला जपायचे म्हणून कोणी छाटत नाही. फांद्या जड झाल्या आहेत. मागच्या वादळात एक खोडासकट चिरली. मित्रांनो, सांभाळणे म्हणजे नुसते दूर राहणे नव्हे. मला कुऱ्हाडही हवी आहे. फक्त मला ओळखणाऱ्या हातातली.