डावीकडचं वळण

“कपाळ पुढे कर,” गेटवरची ताई म्हणाली आणि तिने ताप मोजायचं पिस्तूल बारक्यावर रोखलं. ताप नव्हता. “खोकला, सर्दी?”

“नाही.”

“घरातलं कोणी गर्दीत कामाला जातं?”

“नाही. बाबा घरीच असतात.”

“सराव कोणाबरोबर केलास?”

“कोणाबरोबर नाही. एकटाच खेळतो मी.”

मागच्या चुन्याच्या गोलात बारक्याचा बाप उभा होता. बाप बसकंडक्टर, आणि बस पुन्हा सुरू झाल्या होत्या. ‘बाबा घरीच असतात’ ही थाप त्यानेच पोराला शिकवली होती, त्यामुळे ती ऐकून त्याला काहीच वाटलं नाही. निवडीला बोलावणाऱ्या फुटबॉल क्लबाचा निरोप स्वच्छ होता: घरातलं कोणी गर्दीत काम करत असेल तर त्याचा तपासणीचा रिपोर्ट आणा, नाहीतर पुढच्या रविवारी या. निरोप आला परवा, रिपोर्टला लागणार चार दिवस, आणि घ्यायची पोरं मोजकीच. पुढच्या रविवारी जागा उरतील, मैदान उघडं असेल, याची खात्री कोण देणार? बायको म्हणाली होती, “थांबा की एक आठवडा. खोटं कशाला बोलायला लावता पोराला?” त्यावर कंडक्टर म्हणाला होता, “तुला खेळातलं काय कळतं?” तेव्हा थापेचं सोडा. पण ‘एकटाच खेळतो’ हे पोराने स्वतःच्या पदरचं घातलं होतं, आणि ते मात्र बापाला लागलं.

कारण साथीने बस बंद पडल्या तेव्हापासून या पोराच्या मागे दुसरं कोण होतं? त्याआधी कंडक्टरला आपला मुलगा ठाऊक होता तो झोपलेलाच. पहाटेची पाळी असली की पोर झोपलेलं, रात्रीची असली तरी झोपलेलं. मग बस आगारात जाऊन बसल्या आणि बाप घरात. आठवडाभरात बायकोला त्याचा वीट आला. म्हणून तो पोराला घेऊन इमारतीच्या मागच्या पट्टीत उतरला. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी, मधे दोन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. स्वतः तो जन्मात कधी फुटबॉल खेळला नव्हता. मोबाइलवर बघून आधी आपण शिकायचा, मग पोराला शिकवायचा. एकदा टाकीवर असा आपटला की चार दिवस लंगडत होता. जग भीतीने अर्धमेलं झालं होतं, पगार निम्म्यावर आला होता, आणि हा गडी आयुष्यात कधी नव्हता इतका सुखात होता. हे तो कोणाला बोलून दाखवत नसे, कारण लोकांनी चपला मारल्या असत्या.

आईबापांना जाळीच्या बाहेर थांबायचं होतं. आत चुन्याने चौकोन आखले होते. एका चौकोनात एक मूल, एकाचा एक बॉल, बॉलला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या चौकोनात जायचं नाही. बारक्याच्या अंगावर सतरा नंबर होता. मधोमध सर उभे होते. तरुण, एका गुडघ्याला पट्टा, तोंडावर मास्क. त्यांच्या गळ्यातली शिट्टी वाजतच नव्हती, कारण वाजवायला मास्क काढावा लागला असता. ते हात वर करायचे आणि सगळी पोरं त्या हाताकडे बघायची.

बारक्याही बघत होता. घरी प्रत्येक लाथेनंतर तो मान वळवून बापाकडे बघायचा, आणि बाप ‘हं’ म्हणायचा. आज एकदाही जाळीकडे नजर नाही. सरांनी “सतरा!” म्हटलं की हा ताठ. कंडक्टर घरी चार हाका मारायचा तेव्हा कुठे उत्तर यायचं, आणि इथे नुसत्या आकड्याला पोर धावत होतं. कंडक्टरच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते नाश्त्यामुळे नव्हतं.

“सतरा, तू डावीकडेच का वळतोस?” सर लांबूनच म्हणाले.

बारक्या पायातल्या बॉलकडे बघायला लागला. कंडक्टरला मात्र उत्तर लख्ख समोर दिसलं: उजवीकडे टाकी होती. वर्षभर पोर टाकी चुकवत डावीकडे वळलं, आणि आता मोकळ्या मैदानातही ती टाकी त्याच्या उजव्या अंगाला उभीच होती. आपल्या हे कसं लक्षात आलं नाही?

“आधी खांदा वळव,” सर म्हणाले. “पाय मागून येईल.”

बारक्याने खांदा वळवला. पहिल्यांदा अडखळला. ‘पड,’ कंडक्टरच्या मनात आलं. आपल्याच पोराबद्दल असं मनात यावं याची त्याला लाज वाटली, तरी ते आलंच. बारक्या पडला नाही. दुसऱ्या खेपेला तो उजवीकडे असा वळला, जणू जन्मभर तिकडेच वळत आला होता. मास्कवरचे त्याचे डोळे हसत होते, आणि ते हसणं सरांसाठी होतं.

पाणी प्यायला पोरं सुटली तेव्हा सर जाळीपाशी आले आणि चार हात अंतर ठेवून उभे राहिले.

“सतराचे वडील तुम्ही ना? पाय सुरेख आहे पोराचा. एकटाच शिकलाय म्हणे?”

कंडक्टरने मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ हो असाही होता आणि नाही असाही.

“बरंच झालं ते,” सर म्हणाले. “कोणी अर्धवट शिकवून बिघडवलं की निस्तरता निस्तरता दोन वर्षं जातात. कोरी पाटी आहे. याला मी घडवीन.”

आता गप्प बसला असता तर पोराची जागा पक्की होती. कंडक्टरला ते दिसत होतं. पण वर्षभर पीठ मळलं कोणी, आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार कोण?

“एकटा नाही शिकला,” तो म्हणाला. “मी शिकवलाय.”

“तुम्ही? खेळायचात?”

“नाही हो. कंडक्टर आहे मी. बस बंद होत्या ना. रोज संध्याकाळी, वर्षभर. डावीकडे वळतो ते आमच्याकडे उजवीकडे पाण्याची टाकी आहे म्हणून.”

“अस्सं,” सर म्हणाले, आणि त्यांना खरंच हसू आलं. “म्हणजे शिकवणं चांगलं होतं, जागा कमी पडली.” मग त्यांचं हसू थांबलं. “पण बस तर सुरू झाल्यात.”

“झाल्यात.”

“ड्युटीवर जाता?”

कंडक्टरने जाळीतून आत पाहिलं. बारक्या पाणी प्यायचा थांबला होता आणि आत गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्याकडे बघत होता.

“जातो,” तो म्हणाला.

सर रागावले नाहीत. “मला त्याला आत्ता बाहेर पाठवावं लागेल. बाकीच्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत. तुम्ही खरं सांगितलंत, उपकार झाले. रिपोर्ट घेऊन पुढच्या रविवारी आणा त्याला. जागा उरली असेल तर बघू.”

बारक्याने सतरा नंबरचा सदरा डोक्यावरून काढला, गेटजवळच्या साबणाच्या बादलीत टाकला आणि बाहेर आला. रडला नाही, भांडला नाही. वाटेत नुसता म्हणाला, “तुम्हीच सांगितलं होतंत ना बाबा, असं बोल म्हणून?”

“खोटं किती दिवस टिकतं रे?” कंडक्टर म्हणाला.

हे वाक्य बायकोला फार आवडलं. तिने ते शेजारी सांगितलं. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा, स्वतःच्या पोराचं नुकसान झालं तरी खरं बोलला. कंडक्टर मान खाली घालून ऐकून घ्यायचा. त्याला त्या म्हाताऱ्या माणसांची आठवण सरांनी काढली तेव्हाच झाली होती, त्याआधी नाही. खरं त्याच्या तोंडून निघालं ते जळफळाटाने. पण हे सांगायचं कोणाला?

त्या आठवड्यात तो पट्टीत उतरायला निघाला तर बारक्या म्हणाला, “नको बाबा. सराव कोणाबरोबर केलास, ते परत विचारतील.” त्यात चूक काहीच नव्हतं.

रिपोर्ट चांगला आला. रविवारी दोघं निघाले. मैदानाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर एक बंद दुकान होतं, तिथे बारक्या थांबला आणि त्याने हात पुढे केला.

“द्या तो कागद. इथून मी जातो.”

“गेटपर्यंत येतो की.”

“नको. तुम्ही इथेच थांबा.”

कंडक्टरने रिपोर्ट दिला. पोर रस्ता ओलांडून गेलं. दुकानाच्या पायरीवर बसलं की मैदान दिसत नव्हतं, फक्त बॉलचे आवाज येत होते. थोड्या वेळाने ते वाढले. त्यातला बारक्याचा कुठला, हे ओळखायला त्याने मास्क कानावरून सैल केला, मान तिरकी केली आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. सगळे सारखेच वाटत होते.