सारजाच्या नावाची झाडं

आमच्याकडे आता राख नदीत सोडत नाहीत. तिसऱ्या दिवशी खड्डा घेतात, राख त्यात टाकतात आणि वर झाड लावतात. माझी बायको सारजा गेली तेव्हा सरपंच आबासाहेबांनी विचारलं, झाड कुठं लावायचं? मी म्हणालो, माळावर, तिच्या आवडीच्या जागी. एवढंच बोललो. पुढचंही बोलायला पाहिजे होतं.

सारजानं पंचवीस वर्षं गायरानावर शेरडं राखली. वरच्या अंगाला गवताचा एक तुकडा होता, तिथं मात्र दिवाळीपर्यंत ती शेरडू जाऊ द्यायची नाही. त्या गवताच्या पात्याची सुरळी करून आत अळी राहायची. तिचं पुढं नखाएवढं तपकिरी फुलपाखरू व्हायचं. बारामतीच्या कॉलेजातल्या माधवी मॅडम ते बघायला यायच्या. त्याला चपळ म्हणतात, त्यांनी सांगितलं. इंदापूरपर्यंतचे माळ त्यांनी पालथे घातले होते; ही जात त्यांना इथंच सापडली. सारजा म्हणायची, "अवो, गवत गेलं की ते बी गेलं."

तिसऱ्याला त्या गवतात एक कडुलिंब लागला. एकच होता, म्हणून मी गप्प बसलो.

दहाव्याचं उरकून वर गेलो. जेसीबीनं सगळा तुकडा खरवडला होता. पन्नास रोपं, आणि पाटी: सारजाबाई स्मृतिवन. आबासाहेब फोटो काढून घेत होते.

"तात्या, नुसता माळ होता. आता वहिनींच्या नावानं सावली हुईल."

मी विचारलं, तिनं राखलेलं उपटून वर तिचंच नाव लावता? ते म्हणाले, गवतच तर होतं, परत येईल. आणि त्यातल्या अळ्या? तेव्हा मागून कोणीतरी हसत म्हणालं, की तात्यांना दुःखानं काही सुचंना.

मी पहिलं रोप उपटलं. मग दुसरं. कोणी हात धरला, तो झटकला. कडुलिंबापाशी आलो तेव्हा आबासाहेब आडवे आले.

"ह्यात वहिनी हायत, तात्या."

"हायत. म्हणूनच काढतोय."

तोही उपटला. राख मातीत होती, ती तशीच ठेवून खड्डा बुजवला. तिला गवतच पाहिजे होतं.

आबासाहेब म्हणाले, झाडं तोडल्याची नोटीस येईल. मी म्हणालो, येऊ द्या, मी इथंच असतो. खडकाच्या कडेला जेसीबी पोचला नव्हता. तिथं हातभर गवत उभं होतं. मी त्याच्या आणि त्या माणसांच्या मधे बसलो.