तिरका उजेड

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. पुस्तकात मला विजेरी म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. माझे अंग पत्र्याचे आहे, तोंडावर जाड काच आहे आणि बटण जरा अडेलतट्टू आहे. ते अंगठ्याने दाबून पुढे ढकलावे लागते.

कारखान्यातून मी एका हार्डवेअरच्या दुकानात आले, तेव्हा माझी स्वप्ने फार मोठी होती. माझ्या बहिणी एकेक करून रखवालदारांच्या हाती गेल्या. मलाही वाटायचे, आपण चोर पकडू, वाट चुकलेल्यांना घरी आणू. पण मला विकत घेतले ते मावशीने. मावशीचे काम म्हणजे गाड्यांच्या रंगावरचे बारीक ओरखडे हाताने पॉलिश करून घालवणे. चोर राहिले बाजूला, मी गाड्यांच्या दारांवर नाक घासू लागले!

लोकांना वाटते, चमक पॉलिशच्या डबीत असते. तसे नाही. जो ओरखडा दिसत नाही तो जाणार कसा? वरून पडणाऱ्या उजेडात गाडी छान दिसते. मला मात्र मावशी रंगाजवळ तिरकी धरायची. मग माझ्या उजेडाभोवती बारीक गोल रेषा उमटायच्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. त्या पाहून मालकांचे चेहरे उतरायचे. "अहो, आत्तापर्यंत तर गाडी चांगली होती!" असे ते म्हणायचे आणि माझ्याकडे रागाने बघायचे. जणू ओरखडे मीच आणले! कुणी तर माझे नाव चुगलखोर ठेवले. मला फार वाईट वाटायचे. मी आहे तेवढेच दाखवते, पदरचे काही घालत नाही.

मावशी मात्र म्हणायची, "ही नसली तर माझा हात आंधळा." हे ऐकले की मी फुगून जायचे.

तिचे काम बघण्यासारखे होते. आधी गाडी भरपूर पाण्याने धुवायची. मग स्पंजच्या चकतीवर चिमूटभर पेस्ट घेऊन गाडीच्या वहीएवढ्या भागावर हलक्या हाताने फिरवायची. मऊ फडक्याने पुसायची आणि मला धरायची. जाळे विरळ झाले की पुन्हा एक हात. खोल ओरखड्यावर ती नख फिरवून बघे. नख अडकले तर तो ओरखडा ती तसाच सोडून देई. "हा घालवायला गेले तर रंगच जाईल," ती म्हणायची. हातातले फडके जमिनीवर पडले की ते गाडीला पुन्हा लावायचे नाही, हा तिचा कडक नियम होता. त्याला चिकटलेला एखादा वाळूचा कण सगळे मुसळ केरात घालतो.

पुढे कामाच्या जागी छताला पांढरेशुभ्र दिवे लागले. त्यांचा लखलखाट पाहून सगळे खूश झाले आणि माझी रवानगी खणात झाली, गंजक्या स्क्रूंच्या शेजारी. मित्रांनो, तो काळ मला आठवावासा वाटत नाही. ते दिवे तसे वाईट नव्हते, पण तोंडपुजे होते. त्यांच्या खाली उभी राहील ती गाडी सुंदर!

मग एके दिवशी खणाच्या फटीतून मला एक गडद निळी गाडी आलेली दिसली. गाडीबरोबर एक बुटकेसे शिंपीदादा होते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी होत्या. दादांच्या कपाळावर आठ्यांचे जाळे होते.

"मावशी, गाडी चकाचक करून द्या. विकायची आहे," ते म्हणाले.

"घरची गाडी दिसते. का विकता?"

"भागीदारीत आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ, लंबू. त्याने कुठल्या तरी ब्रशवाल्याकडे धुऊन आणून रंगाची वाट लावली. वर म्हणतो, मी नाहीच! आता गाडीही नको आणि भागीदारीही नको."

वहिनी हळूच म्हणाल्या, "दोन महिने बोलत नाहीत हो एकमेकांशी. भाऊजी वर राहतात, आम्ही खाली. मुलं जिन्यात चोरून भेटतात."

ऐकून माझा जीव खणातल्या खणात कासावीस झाला. गाडी विकली की दोघा भावांना जोडणारा शेवटचा धागाही तुटणार होता.

मावशीने गाडी धुतली, पुसली. छताच्या दिव्यांखाली ती तिला ठीकच दिसली, पण डोके वाकवून कडेने पाहिल्यावर रंगात काहीतरी धुरकट होते. तिने खण उघडला. माझ्यात नवे सेल घातले, बटण पुढे ढकलले, आणि मी पेटले! इतक्या दिवसांनी पेटताना मला रडू आले असते, पण आमच्यात पाण्याने सेल खराब होतात.

चालकाच्या बाजूच्या दारांवर माझा उजेड पडला आणि जाळेच जाळे दिसले. "बघा, बघा लंबूची करणी!" दादा ओरडले. मावशी मला घेऊन टपाकडे वळली. तिथेही गोल रेषा होत्या, पण टपाच्या मध्यावर त्या अचानक थांबल्या. पलीकडचा अर्धा टप नितळ होता. ती पलीकडच्या दारांकडे गेली. तीही आरशासारखी होती!

"ब्रशने धुतली असती तर सगळीकडे झालं असतं," मावशी पुटपुटली. "ही बाजू कशी वाचली?"

"ती भिंतीला लागून असते. तिकडे जायला वावच नाही," दादा म्हणाले.

वहिनी टपाकडे टक लावून बघत होत्या. "अहो, जरा हात लांब करा बघू टपावर."

"कशाला?"

"करा तर!"

दादांनी टाचा उचलल्या आणि हात पसरला. बोटे जिथे पोचली, बरोबर तिथेच जाळे संपत होते.

"रोज सकाळी दुकानात जाण्याआधी कोरडं फडकं घेऊन गोल गोल कोण पुसतं?" वहिनी म्हणाल्या. "भाऊजी तर नुसता पाण्याचा पाइप सोडतात. त्यांना आळशी म्हणायचात ना?"

"ही बॅटरी खोटं दाखवते!" दादा माझ्यावरच उसळले. त्यांनी मला मावशीच्या हातून ओढून घेतले आणि पुन्हा पाहिले. मध्यापासून अलीकडे, मध्यापासून पलीकडे. मग ते स्टुलावर मटकन बसले. "मी तर मायेने पुसत होतो हो, मावशी."

"माया खरीच आहे, दादा," मावशी म्हणाली. "पण धूळही खरी होती. कोरडी पुसली की ती रंगावर घासते."

दादांनी खिशातून फोन काढून भावाला लावला. माफी मागण्याची सवय नसलेला माणूस काय बोलणार? शेवटी ते म्हणाले, "लंबू, मावशींच्या पॉलिशच्या दुकानात ये रे. टपावर माझा हात पोचत नाही."

मावशी चालकाच्या दारावर चकती फिरवू लागली. निम्मे दार उजळले, तेवढ्यात लंबू आला. दारातून आत येताना तो सवयीने वाकला. त्याच्याही कपाळावर आठ्या होत्या, पण तो आला होता. दादांनी त्याला पलीकडच्या बाजूला नेले आणि मला तिरके धरले.

लंबूने वाकून पाहिले. टप पाहिला, दारे पाहिली. "दादा, इकडे तर एकही ओरखडा नाही. मला कशाला बोलावलंस?"

"हेच दाखवायला," दादा म्हणाले. "सगळे तिकडे आहेत. माझे आहेत."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. लंबूने पाण्याची बादली उचलली, मावशीच्या पायाशी नेऊन ठेवली आणि विचारले, "मावशी, आम्ही काय करू?"

मित्रांनो, तेव्हापासून माझी जागा मावशीच्या खिशात आहे. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. ज्या वस्तूवर तुमची माया आहे, तिच्यावर आधी पाणी घाला, मग हात फिरवा. आणि दोष शोधायला कुणावर उजेड टाकलात, तर तो लगेच विझवू नका. त्याची नितळ बाजू सापडेपर्यंत धरून ठेवा, आणि सापडली की त्याला हाक मारून दाखवा.