कप्तानाच्या डाव्या हाताला

"साहेब, जरा तिकडं सरकता का? मला इथं उभं राहायचंय," गुलसेरेन दुसऱ्यांदा म्हणाली. हातातल्या तबकात चहाचे दोन पेले किणकिणत होते.

नेव्झात साहेब काही हलले नाहीत. जहाजाचे मालक ते! सकाळीच चढले होते आणि आता सुकाणूमागच्या बाकावर ऐसपैस बसून, दोन जर्मन पाहुण्यांना शेजारी घेऊन फोटो काढवून घेत होते.

"अहो वहिनी, एवढं मोठं जहाज पडलंय, नेमकी हीच जागा का हवी तुम्हाला? कप्तान काही पळून जात नाही!" ते हसले. पाहुणेही हसले. एक बाई कौतुकानं म्हणालीसुद्धा, की प्रत्येक बंदरात ही नवऱ्याला चहा घेऊन येते, किती प्रेम!

प्रेम! गुलसेरेनला रडू की हसू कळेना.

हिवाळ्यात हालिस कप्तानाला मेंदूचा झटका आला होता. चार दिवसांत उठून बसला, बोलायला लागला, सगळ्यांनी अल्लाचे आभार मानले. पण घरी तो ताटातलं अर्धंच जेवायला लागला. उजवीकडचा भात चाटूनपुसून संपवायचा आणि डावीकडची वांगी तशीच ठेवायचा. "वांगी का टाकलीस?" तिनं विचारलं, तर म्हणाला, "वांगी होती?" तिनं ताट फिरवलं, आणि त्यानं वांगी खाल्ली.

डावीकडचं अर्धं जग गेलं होतं त्याचं. डॉक्टरीणबाई म्हणाली, सुकाणू धरायचं नाही. हालिस म्हणाला, एवढा एकच हंगाम. हे जहाज त्याच्या बापानं बोझबुरूनच्या किनाऱ्यावर तासलेलं. पुढं विकावं लागलं, पण सुकाणू त्याच्याकडंच राहिलं. ते सोडून घरी बसायचं म्हणजे त्याला जिवंतपणी पुरल्यासारखंच. आणि गुलसेरेननं काय केलं? नाही म्हणायचं सोडून ती त्याचा डावा डोळा झाली. बंदर आलं की चहा घेऊन त्याच्या डाव्या हाताला उभी राहायची आणि ओठ न हलवता पुटपुटायची, "होडी आहे. थांब. आता जा."

मेख होती ती धक्क्याला लागताना. या किनाऱ्यावर जहाजं धक्क्याकडं पाठ करून लागतात. आधी पुढचा नांगर सोडायचा, मग उलटं उलटं जात मागची बाजू धक्क्याला टेकवायची. म्हणजे कप्तानाला मागं तोंड करावं लागतं, आणि तो वळला की त्याची डावी बाजूही वळते. मग गुलसेरेन त्याला वळसा घालून पलीकडं, बाकापाशी जायची. आज त्याच जागेवर साहेब बसले होते.

काश गावाचं बंदर होड्यांनी गच्च भरलेलं. त्यात मेल्तेम वारा दुपारपासून पिसाळलेला. शिडं गुंडाळली होती, तरी जहाज आडवं ढकललं जात होतं.

"वेदात, सोड नांगर!" हालिस ओरडला.

पुढं उभ्या असलेल्या वेदात खलाशानं नांगर सोडला. साखळी धडाधडा उतरायला लागली. हालिस वळला, आणि इंजिन मागं जायला लागलं.

"साहेब, हात जोडते, उठा तिथून!"

"वहिनी, चहा थंड होतोय, द्या इकडं." साहेबांनी तबकातला पेला उचलला आणि पुन्हा कॅमेऱ्याकडं बघून हसले.

हालिसनं मान किंचित झुकवली. तो तिच्या आवाजाची वाट बघत होता. 'थांब' ऐकू आलं नाही, तेव्हा त्यानं गृहीत धरलं की वाट मोकळी आहे. त्यानं वेग वाढवला.

गुलसेरेननं टाचा उंचावून साहेबांच्या डोक्यावरून खाली पाण्याकडं पाहिलं. तिकडं वल्ह्याची एक होडी होती. एक म्हातारा कोळी वाकून जाळ्याचा गुंता सोडवत बसला होता. जहाजाचा आवाज त्याला येत होता, पण जहाज कुणाचं ते ओळखून त्यानं मान वर करायचीही तसदी घेतली नव्हती. हालिस कप्तान आहे म्हटल्यावर कशाला घाबरायचं?

"हालिस! माणूस!" ती किंचाळली.

चारचौघांत ती त्याला कप्तानच म्हणायची. हालिस दचकला. त्यानं मागं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, पुन्हा उजवीकडं पाहिलं.

"कुठंय?"

होडी सगळ्यांना दिसत होती. पाहुण्यांना, साहेबांना, धक्क्यावर आइस्क्रीम खाणाऱ्या पोरांनाही. तिच्या हातातलं तबक कलंडलं.

"पुढं घे! इंजिन पुढं घे!"

त्यानं दांडा पुढं ढकलला. सगळं लाकूड कण्हलं, पाणी ढवळून पांढरं झालं. म्हाताऱ्यानं आता कुठं मान वर केली आणि दोन्ही हात जहाजाच्या लाकडाला लावून होडी लांब लोटली. "अरे हालिस, डोळे फुटले का तुझे?" तो ओरडला, आणि चेष्टा केल्यासारखा हसला.

कुणीच हसलं नाही.

"कप्तान," नेव्झात साहेब उठून उभे राहिले, "तो माणूस तुम्हाला दिसला नाही?"

"साहेब, चूक माझी आहे, मीच..." गुलसेरेन मध्ये पडली.

"तू गप बस," हालिस म्हणाला. आवाज चढला नव्हता. "नाही दिसला, साहेब. डावीकडचं मला दिसत नाही. हिवाळ्यापासून."

"हिवाळ्यापासून! आणि तुम्ही माझ्या पाहुण्यांना घेऊन... अहो, माणूस मेला असता!"

"मेला असता," हालिस म्हणाला.

वारा जहाजाला शेजारच्या जहाजांवर लोटत होता. भांडायलाही सवड नव्हती. हालिसनं सुकाणू सोडलं.

"वेदात, इकडं ये. तू धर. नांगर मी बघतो."

वेदात धावत आला, पण सुकाणूला हात लावेना. "कप्तान, मी तुमच्यासमोर..."

"धर म्हणतो ना! जहाज आपटेल."

हालिस कठड्याला धरून पुढं गेला. साखळी ओढून घेतली, पुन्हा सोडली. ते काम त्याला हातांनी आणि कानांनी जमत होतं. वेदातनं जहाज हळूहळू मागं नेऊन धक्क्याला लावलं. चांगलं लावलं. हालिसनं ते वळून पाहिलं नाही.

पाहुणे गाव बघायला उतरले. साहेब धक्क्यावर फोनवर कुणाशी तरी बोलत येरझाऱ्या घालत होते. गुलसेरेन चहा घेऊन पुढं गेली. सवयीनं त्याच्या डाव्या हाताला उभी राहिली. मग वळसा घालून उजवीकडं आली आणि साखळीच्या ढिगाजवळ बसली.

हालिसनं पेला घेतला आणि तिच्या मनगटाकडं पाहिलं. कातडी लाल होऊन फुगली होती.

"हे काय?"

"चहा सांडला."

"कधी?"

तिनं बाही मनगटावर ओढली.

"कधी, गुलसेरेन?"

"तू 'कुठंय' म्हणालास ना, तेव्हा."

त्यानं पेला खाली ठेवला. साखळी धुवायची बादली ओढून घेतली, तिचा हात आपल्या मांडीवर धरला आणि मनगटावर ओंजळीनं पाणी घालायला लागला.

"कप्तान!" मागून, धक्क्यावरून साहेबांनी हाक मारली.

हालिसनं तोंड उघडलं.

"आलो!" सुकाणूपाशी उभा असलेला वेदात म्हणाला.

हालिस पुन्हा बादलीकडं वळला.