दसऱ्याचा धागा आणि एसडीए

माझा नवरा निरंजन नवा रायपूरच्या एका ऑफिसात संगणक सांभाळतो आणि घरी आल्यावरही स्वस्थ बसत नाही. नातेवाइकांचे रखडणारे लॅपटॉप गोळा करायचे, पुसून कोरे करायचे आणि त्यांवर लिनक्स ही फुकटची संगणकप्रणाली चढवायची, हा त्याचा रविवारचा उद्योग. त्यासाठी त्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या पायऱ्या आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहून ठेवली होती. पेनड्राइव्ह लावा, एकदा ‘हो’ म्हणा, चहा घेऊन या, लॅपटॉप तयार! मला मात्र प्रत्येक गोष्टीला ‘हे काहून?’ विचारायची खोड आहे, आणि त्याला त्याचा भारी वैताग.

त्या रविवारी आम्ही तेलीबांध्याहून पुरानी बस्तीत त्याच्या पद्मिनीमावशीकडे गेलो, तिचा लॅपटॉप असाच कोरा करून द्यायला. तिचे यजमान शामरावकाका आदल्या वर्षी गेले. रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर पुण्यातल्या नातवासाठी, शार्दूलसाठी, ते याच लॅपटॉपसमोर बसून गोष्टी रेकॉर्ड करायचे. लॅपटॉप भरला तेव्हा निरंजननेच त्या गोष्टी एका बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवल्या होत्या. दुसरीकडे कुठेच त्या नव्हत्या.

दसऱ्याच्या पूजेत मावशीने त्या डिस्कची वायर लाल धाग्याने लॅपटॉपच्या बिजागरीला बांधून टाकली होती.

“हे पहिले काढून ठेवतो,” निरंजन म्हणाला.

“हात नोको लावू पोट्ट्या! पूजेचा धागा हाय. तुटला त आपोआप तुटू दे.”

ऑफिसात भल्याभल्यांना गप्प करणारा माझा नवरा मावशीपुढे गोगलगाय. डिस्क तशीच लागलेली राहिली आणि त्याने स्क्रिप्ट सुरू केली. पडद्यावर आलं: एसडीए ही डिस्क पूर्ण पुसली जाईल, हो की नाही? खाली आकार लिहिला होता, ९३१ जीबी.

“मले सांग,” मी म्हणाले, “हा लॅपटॉप त दोनशे छप्पनचा हाय ना? मग हे नऊशे काहून दाखवून राहिलं?”

“कौमुदी, कितीतरी लॅपटॉप केले मी. आतली डिस्क एसडीएच असते.”

“पण हे नाव तिले देते कोण?”

“लिनक्स देते. जी पहिले दिसली तिले ए, मग बी...” एवढं बोलून तो थांबला. बोट त्याने की-बोर्डवरून अलगद उचललं.

त्याने सगळ्या डिस्कांची नावं काढली. मावशीचा लॅपटॉप नव्या धर्तीचा. त्याच्या आतली डिस्कच निराळ्या जातीची, तिचं नाव एनव्हीएमईपासून सुरू होत होतं. ‘एसडीए’ ही जागा रिकामीच होती आणि बाहेरून जोडलेल्यांत, पेनड्राइव्हच्याही आधी, दिसली ती काकांची डिस्क. पंगतीत जो आधी बसला त्याचा पहिला पाट, तसं.

“काय झालं रे?” मावशीने विचारलं.

“मावशी, काकांच्या गोष्टी आता पुसल्या असत्या मी,” निरंजन म्हणाला. त्याचा आवाज पार उतरला होता.

मावशी त्याच्याजवळ येऊन बसली. रागावली नाही. म्हणाली, “मग आता वळखशीन कशी तिले?”

“कारखान्यातून आलेला नंबर असते प्रत्येकीचा. कोणत्याही लॅपटॉपले लावा, तो बदलत नाही. स्क्रिप्टले तोच विचारायले लावतो.”

मावशी उठली, कात्री घेऊन आली आणि आपल्याच हाताने तिने धागा कापला. वायर निघाल्यावर तोच धागा तिने नुसत्या डिस्कभोवती गुंडाळला.

आधी आम्ही काकांच्या गोष्टींची प्रत करायला डिस्क सोबत नेलेल्या आमच्या जुन्या लॅपटॉपला लावली. तिथे आतली डिस्क आधीच एसडीए, म्हणून हिचं नाव एसडीबी! मला भारी गंमत वाटली. नाव बदललं तरी आतल्या गोष्टी जागच्या जागी होत्या. प्रत झाल्यावर निरंजनने मावशीचा लॅपटॉप कोरा केला, दर पायरीला नंबर ताडून बघत. या वेळी मी एकही प्रश्न विचारला नाही, तर तोच म्हणाला, “विचार ना काहीतरी.”

लिनक्स चढल्यावर त्याने काकांची पहिली गोष्ट लावली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग खोकला, मग काका स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, “पद्मिनी, चालू झालं काय व?”

मावशीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“हव,” ती म्हणाली, “बोला.”