पाणवठ्यावरचा भोंगा

पाणवठ्याच्या वाटेवर दोन महिने आडवा बांधलेला बांबू सरपंच हरिश्चंद्र यांनी स्वतः सोडला. लीलाकाकी म्हशीचं दावं धरून सगळ्यांच्या आधी पुढे झाली.

"काकी, थांब गो. आधी माका जरा बघूक दी," गौरजा म्हणाली.

"तू बघ गो तुझा. माझी गंगी दोन म्हयने बालदीभर पाण्यात न्हाता. भोंगो वाजलो काय येतंय भायर."

वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक हसले. गौरजाही हसली. भोंगा तिनेच बसवला होता आणि तो चालतो असं सकाळी ग्रामपंचायतीत तिनेच सांगितलं होतं.

शिमग्याच्या सुमाराला इथेच मगरीने काकीचं रेडकू ओढून नेलं होतं. काकी तेव्हा पायरीवर पाठमोरी कपडे पिळत होती. आवाज ऐकून ती वळली तेव्हा पाण्यावर फक्त बुडबुडे होते. त्या दिवसापासून पाणवठा बंद. गौरजा काकीच्या दिराची मुलगी, पुण्यात भौतिकशास्त्र शिकून आलेली. पाण्याकडे सतत बघत राहील आणि मगर दिसताच भोंगा वाजवील असा कॅमेरा करायचं तिने ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. हा पाणवठा पश्चिमेकडे तोंड करून आहे. गुरं धुवायच्या वेळी ऊन तिरपं येतं आणि पाणी असं चमकतं की कॅमेऱ्याला मगरीचं नाक सोडाच, होडीसुद्धा दिसत नाही. गौरजाने भिंगावर चमक कापणारी काच बसवली. चमक गेली, पण त्या काचेने निम्म्याहून अधिक उजेडही खाल्ला. उजेड भरून काढायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं तर हलणारं सगळं पुसट होतं. शटर तेवढंच ठेवून संवेदनशीलता वाढवावी तर चित्रभर दाणे उठतात, जुन्या टीव्हीवर उठायचे तसे. पहिल्या आठवड्यात त्यातला प्रत्येक दाणा यंत्राला मगर वाटला आणि भोंगा दिवसभर बोंबलत राहिला. गावात त्याचं नाव पडलं, 'गौरजाचो कोंबडो'. वेळ-काळ न बघता आरवणारा.

मग तिला युक्ती सुचली. लागोपाठची तीस चित्रं घ्यायची आणि त्यांची सरासरी काढून एकच चित्र बनवायचं. दाणे दर वेळी वेगळ्या जागी उठतात, त्यामुळे सरासरीत ते पुसले जातात. जे खरोखर तिथे आहे तेवढंच उरतं. चित्र काचेसारखं स्वच्छ आलं. चाचणीसाठी वायरमन बाबूने फणसाची एक फळी काळी रंगवली आणि दोन खुंट्यांना सुंभाने बांधून पाण्यात सोडली.

"बांधूक नको. मोकळी सोड," गौरजा तेव्हा म्हणाली होती.

"मोकळी सोडलंय तर ती व्हावत पार वालावलाक जातली. मगे ती परत हाडूक कोण पोवतलो? मगरीचा सोंग आणूक मी खऱ्या मगरीच्या तोंडात जाव काय?"

तिला ते पटलं. भोंगा दर वेळी वाजला.

आता काकी गुडघाभर पाण्यात उभी होती. गंगी मानेपर्यंत बसली होती आणि काकी नारळाच्या सोडणाने, त्या चरबरीत सालाने, तिची पाठ खसाखसा घासत होती. पाण्याला सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. प्रवाह डावीकडून उजवीकडे, समुद्राकडे चालला होता. गौरजा वरच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. चित्र छान होतं. पायऱ्या, म्हशीची शिंगं, काकीचं निळं लुगडं. फक्त काकीचा घासणारा हात दिसत नव्हता. खांद्याच्या पुढे नुसतं धुकं होतं. गौरजाला गंमत वाटली.

तेवढ्यात नदीतून एक सुकी झावळी वाहत आली. पुरुषभर लांबीची, तपकिरी, सगळ्यांना दिसणारी. गौरजाने ती डोळ्यांनी पाहिली आणि मग स्क्रीनवर शोधली.

स्क्रीनवर झावळी नव्हती.

तिने पुन्हा वर पाहिलं. झावळी गंगीच्या पलीकडून चालली होती. स्क्रीनवर पाणी स्वच्छ, रिकामं होतं. तीस चित्रांत झावळी तीस जागी होती, म्हणून प्रत्येक जागी तिचा तिसावा हिस्सा उरला, आणि सरासरीने तो दाण्यांबरोबर पुसून टाकला. तिचा कॅमेरा बांधलेली फळी बघू शकत होता. पोहणारी मगर त्याला दिसणार नव्हती.

"काकी, भायर ये! बेगीन ये!"

काकीने मानही वळवली नाही. "भोंगो वाजाक नाय मां? मगे?"

"भोंग्याचा आयक नको, माझा आयक!"

"बघा बाये! सकाळी म्हणा होता, माझ्यापेक्षा भोंग्यार इस्वास ठेवा."

लोक पुन्हा हसले. हरिश्चंद्र जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "गो, लोकांसमोर असा घाबरवू नको. दिसली काय तुका?"

"नाही. दिसणारच नाही. तोच तर घोळ आहे."

हाताने वाजवायचं बटण बाबूने मागेच काढून टाकलं होतं; पोरांनी त्याचा खेळ केला होता. एकच मार्ग होता. सरासरी बंद करायची. तसं केलं की दाणे उठणार, भोंगा वाजणार आणि वाजतच राहणार. मगर नसताना. गावाला पुन्हा कोंबडा आठवणार, आणि त्यानंतर हा भोंगा कुणीही कधीच मनावर घेणार नाही. गौरजाचं बोट क्षणभर कळीवर थांबलं. काकी वाकून म्हशीच्या पोटाखाली हात घालत होती.

तिने कळ दाबली.

भोंगा कर्कश ओरडला. काकीच्या हातातलं सोडण पाण्यात पडलं. ती दावं ओढत मागे सरली, पण दोन महिन्यांनी पाणी मिळालेली गंगी जागची हलेना.

"सोड तिका! तू ये!"

"एक गेला, आता हिका सोडू?" काकी रडवेल्या आवाजात ओरडली आणि उलट आणखी आत गेली.

गौरजाने लॅपटॉप पायरीवर टाकला आणि ती पाण्यात शिरली. तिने दावं पकडलं. मागून बाबू आला आणि त्याने गंगीची शेपटी पिळली. पायाखाली चिखल सरकत होता. पाणी गढूळ झालं होतं, त्यात काहीही असू शकलं असतं. गंगी एकदम उठली आणि तिघांना ओढतच पायऱ्या चढली.

भोंगा थांबेना. नदी शांत होती. लोक पाण्याकडे बघत राहिले, मग एकमेकांकडे. कुणीतरी मागून कोंबड्यासारखं आरवलं. हशा झाला. बाबूने जाऊन वायर काढली.

"मगर खंय आसा?" हरिश्चंद्रांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"होती म्हणान सांग. नायतर उद्यापासून तुझो भोंगो भंगारात."

गौरजाने ओल्या कपड्यांतलं पाणी पिळलं. "माहीत नसताना कसं सांगू? बांबू बांधा, सरपंचानू. माझं काम चुकलंय."

ती पायरीवर बसली. भोंगा वाजत असताना कॅमेरा साधी चित्रं साठवत होता, सरासरी न काढलेली. तिने ती उघडली. नुसते दाणे. काकी शेजारी येऊन ओणवी झाली.

"माका तर काय दिसणा नाय."

"मलाही नाही," गौरजा म्हणाली आणि चित्रं एकामागून एक पुढे सरकवू लागली. दाणे लुकलुकले, दर वेळी नव्या जागी. काकीचं सोडण मात्र प्रवाहाबरोबर उजवीकडे सरकत गेलं. तिने पुन्हा सुरुवातीपासून लावली. या वेळी तिला उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका दिसला. तो लुकलुकत नव्हता. प्रत्येक चित्रात थोडा थोडा डावीकडे येत होता, सोडणाच्या उलट, प्रवाहाच्या विरुद्ध. दाणा एका वाटेने चालत नाही. आणि लाकूड सुकतीला उलटं जात नाही.

गौरजाने त्यावर बोट ठेवलं आणि चित्रं पुन्हा सोडली. काकीचे डोळे बोटामागून चालू लागले. गंगी उठायच्या आधीच्या चित्रात ठिपका पायऱ्यांजवळ आला होता आणि त्याच्यापुढे, हात-दोन हातांवर, दावं ओढणाऱ्या गौरजाची पाठ होती.

काकीने दावं मनगटाला आणखी एक वेढा देऊन घट्ट केलं आणि दुसऱ्या हाताने गौरजाचा ओला खांदा धरून तिला वरच्या पायरीवर ओढलं.

"बाबू," ती मागे न बघता म्हणाली, "तो बांबू हाड रे."