चौथा बोल्ट

बांधकामातल्या धातूंच्या प्रदर्शनाला मी गेले ती केवळ वहिनीने बोलावले म्हणून. दादा जाऊन तीन वर्षे झाली. तेव्हापासून तिने मला 'चल' म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

दादा पोलादी सांगाडे उभारायचा. जे छत कोसळून तो गेला, त्याचे बोल्ट माझ्याच प्रयोगशाळेत उत्तीर्ण झाले होते. जस्ताचा मुलामा देण्याआधी बोल्ट आम्लात धुतात; तेव्हा पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि आवळलेला बोल्ट चार दिवसांनी, कुणी हात न लावता तुटू शकतो. आमचे यंत्र मात्र नमुना पाच मिनिटांत ओढून मोकळे होते. माझ्या अहवालात एकही अक्षर खोटे नव्हते. वहिनीने तो वाचला, घडी घातली आणि पुढे माझ्याशी कामापुरतेच बोलत राहिली. दादाची टोळी आता ती चालवते.

एका स्टॉलवर सुट्या भागांची पोलादी माडी उभारली होती. प्रत्येक प्रदर्शनात तीच उकलून पुन्हा जोडतात, असे विक्रेता अभिमानाने सांगत होता. वर वीसेक माणसे चहा घेत उभी होती. मी खालच्या खांबाशी होते, तेवढ्यात ऐकू आले.

टण्. टण्. टण्. टक्.

ही दादाची सवय. बोल्ट आवळून झाले की तो प्रत्येकावर हातोडी हलकेच टेकवायचा. धड बोल्ट खणखणतो, तुटलेला बद्द बोलतो. मी हसले की म्हणायचा, "पुरावाबाई, तुझं यंत्र एकालाच विचारतं. मी सगळ्यांना विचारतो."

हातोडी घेतलेले आसपास कुणी नव्हते. मी शक्यता तपासल्या. उन्हाने तापलेले छताचे पत्रे. पलीकडच्या स्टॉलवरचे प्रात्यक्षिक. आणि माझा मेंदू. हाच आवाज ऐकून मी याआधी दोनदा वहिनीचे चालू काम थांबवले होते; दोन्ही वेळा काहीही निघाले नव्हते. तिसऱ्यांदा तेच झाले, तर साऱ्या धंद्यासमोर हसे होणार होते ते वहिनीचे. आणि गप्प बसले, तर डोक्यावर वीस माणसे होती.

मी ओळीतल्या चौथ्या बोल्टावर अंगठा दाबून तो पिळला.

"बाई, माडी आहे ती, नळ नाही," विक्रेता म्हणाला.

रंगाचा पापुद्रा तडकला आणि बोल्टाचे डोके माझ्या तळव्यात आले. मी ते त्याला दाखवले. "वरच्यांना खाली घ्या. एकेक करून, सावकाश."

"अहो, वर मोठी गिऱ्हाइकं आहेत!"

"मोठी आहेत ना?" मागून वहिनी म्हणाली. "मग वजनही असेल. उतरवा आधी."

माणसे उतरली. कुणी कप घेऊन, कुणी कुरकुरत. शेवटचा उतरल्यावर वहिनीने ते डोके माझ्याकडून घेतले आणि उजेडाकडे धरले. तुटलेला भाग आतपर्यंत तपकिरी होता.

"गंजलाय," ती म्हणाली. "म्हणजे आज नाही तुटला."

"नाही. निदान काही दिवस झाले असतील."

"मग आज तू काय ऐकलंस?"

तिन्ही शक्यता माझ्याजवळ तयार होत्या. त्यांतली एकही 'चौथा' असे सांगत नव्हती. मी तिला जे ऐकले ते सांगितले: किती ठोके, कोणत्या क्रमाने, कुणाच्या हाताचे.

ती बोल्टाच्या डोक्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग नेहमीच्या, कामाच्या आवाजात म्हणाली, "खालची ओळ झाली, पुरावाबाई. वरच्या ओळीबद्दल काय म्हणतायत हे?"

तीन वर्षांत मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, अजूनही नाही. मी खांबाला कान लावला आणि बोटांवर मोजू लागले.